वरवरचा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे बारीकताई म्हणत. अंगाने ती चांगली भरलेली होती. नाव पडलं ते हातावरून. मेणात बसवलेला मांसाचा तुकडा ती यंत्रावर इतका पातळ कापी की जवळ कोणी शिंकलं तरी काप उडून जावा. चोवीस वर्षं हेच काम. कापायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि शेजारच्या खोलीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं. काय दिसतं ते सांगणं डॉक्टरांचं. पण एव्हाना तिचीही नजर तयार झाली होती.

एका सकाळी पाच दिवसांच्या बाळाच्या आतड्याचा तुकडा आला. बाळाचं पोट फुगलं होतं, जन्मल्यापासून शी झाली नव्हती. काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, मग आतडं काही पुढे ढकलतच नाही. त्या पेशी आहेत की नाहीत, एवढंच पाहायचं होतं.

तिने मोहरीएवढ्या तुकड्याचे साठ काप काढले. एक काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळं वरचंच अस्तर. पेशी ज्या खालच्या थरात शोधायच्या, तो एका कोपऱ्याला जेमतेम चिकटलेला.

"डॉक्टर, तुकडा वरवरचा आलाय. पुन्हा मागवू या का?"

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "या बघ तीन पेशी. आहेत की."

तिने वाकून पाहिलं. "मला या रक्तवाहिनीच्या वाटतात."

"नवजात बाळाच्या चेतापेशी लहानच असतात, ताई. मोठ्या माणसासारख्या शोधशील तर कधीच सापडायच्या नाहीत."

हे खरंच होतं. ती आपल्या यंत्राकडे परत गेली. अहवाल गेला: पेशी आहेत, आजार नाही. तोवर नळीने पोट धुतल्यावर बाळाला शीही झाली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बाळ घरी गेलं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. ताप, हिरवी उलटी, ढोलासारखं पोट. आतडं सुजून विष अंगभर भिनलं होतं. सर्जनने घाईने पोट उघडलं, पण दुसऱ्या दुपारी बाळ गेलं. कापलेलं आतडं बारीकताईकडेच आलं. या खेपेला खालचा थर पुरेपूर होता, आणि त्यात एकही चेतापेशी नव्हती.

कागद न्यायला बाळाचा बाप खिडकीशी आला. "आधी का नाही कळलं?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता.

"तुकडा अपुरा होता."

"मग तसं लिहायचं ना."

तिने कागद पुढे सरकवला. तो कागदाची घडी करत तिथेच उभा राहिला, मग निघून गेला. डॉक्टर आत बसून होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि त्या बाळाचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका बाळाचा तसाच वरवरचा तुकडा आला. तिने न विचारता सांगितलं, डॉक्टरांनी निमूटपणे 'अपुरा, पुन्हा पाठवा' असं लिहिलं. पोट धुऊन त्या बाळालाही घरी सोडलं होतं. वॉर्डातून तीनदा फोन गेला. आई म्हणाली, आता शी होते त्याला, पुन्हा कशाला टोचायचं. चौथ्या वेळी फोन लागला नाही.