इंजिन बंद व्हायला हवं होतं

गेल्या रविवारपर्यंत हे माझ्या तोंडून कुणीच ऐकलं नव्हतं. बायकोनंही नाही. तुम्हाला सांगतोय — नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

इरफान माझा मित्र. जळोचीत त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. मी दत्ता, वायरिंग करतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील, आम्ही दोघांनी मिळून एक छोटी मोटार बांधायला घेतली. सांगाड्याचे आणि बॉडीचे सुटे भाग मागवले, इंजिन मात्र अपघातात मोडलेल्या एका मोटारसायकलचं. जोडकाम त्याचं, तारा माझ्या. त्याचे अब्बा रोज खुर्ची टाकून बघत बसायचे. तेही जुने वेल्डर. मुलाला तोंडावर चांगलं म्हणणं त्यांना जमायचं नाही. ही गाडी पळाली की म्हणतील, असं इरफानला वाटायचं.

इंजिन चालू झालं आणि मीटरमधला पिवळा दिवा लागला. तो दिवा उघडझाप करून बिघाड सांगतो — लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. बेरीज केली. कोड निघाला कलंडण्याच्या सेन्सरचा. मोटारसायकल पडली की हा सेन्सर इंजिन बंद करतो. आमच्या गाडीत तो मी चुकून आडवा बसवला होता. सरळ केला, दिवा गेला. पण खड्ड्यात चाक आपटलं की परत लागायचा, इंजिन गप्प व्हायचं. तार कुठंतरी घासली होती. कुठं? पुष्कळ शोधली. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून कळसला, इरफानच्या सासुरवाडीला, दाखवायला न्यायची होती. ‘मला सापडत नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. का म्हणालो नाही? सगळे मला वायरिंगमधला हुशार म्हणायचे. दुसरं काही नाही. मी सेन्सर काढून डब्यात टाकला आणि त्याच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडला. म्हणजे इंजिनाला वाटत राहणार, गाडी सरळच उभी आहे. दिवा विझला. अर्थची तार ढिली होती, असं मी इरफानला सांगितलं. त्यानं मला मिठी मारली.

कळसला कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर त्यानं गाडी पळवली. सासरची माणसं, अब्बा, सगळे बघत होते. वळणावर चाक मऊ मातीत गेलं आणि गाडी कुशीवर पडली. मी पळत सुटलो, आणि पळताना इंजिनाचा आवाज ऐकत होतो — तो यायलाच नको होता, हे तिथं मला एकट्याला माहीत होतं. इरफान बाहेर पडायला धडपडत होता. त्यानं आधाराला हात टाकला, तो फिरत्या चेनवर. मी चावी बंद केली, तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

पडताना इंजिन धरून ठेवणारं, इरफाननं जोडलेलं ब्रॅकेटही तुटलं होतं. अब्बांनी तो तुटका जोड उचलून पाहिला आणि म्हणाले, “जोड कच्चा हुता.” गाडी त्यामुळंच पडली, असं सगळ्यांनी धरलं. मी? मी तिथंच उभा होतो. सगळे इरफानला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा, गाडी मी बघतो म्हणून मागं राहिलो, रेझिस्टर उपटला आणि सेन्सर परत जागेवर लावला. बोटांपेक्षा मला हेच जास्त आठवतं.

त्यानंतर इरफान फक्त गेट आणि ग्रिल करायचा. गाडीला हात लावायचा नाही. आणि माझ्याशी तो कसा वागला? हाताची पट्टी सुटली नव्हती, तेव्हा माझ्या वडिलांना झटका आला. इरफान त्यांना उचलून टेम्पोत घालून बारामतीला घेऊन गेला. वडील पुढं कितीतरी वर्षं जगले, माझ्या मुलींशी खेळले. ती वर्षं मला इरफाननं दिली. मी ती घेतली आणि गप्प बसलो.

गेल्या रविवारी त्याच्या मुलीनं, मुस्काननं, मला वर्कशॉपवर बोलावलं. ती इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजच्या मुलामुलींनी मोटारसायकलचं इंजिन घालून गाडी बांधलीय, तीच तिथं उभी होती, आणि पिवळा दिवा — तोच कोड.

“दत्ताकाका, रेझिस्टर टाकला की दिवा जातो म्हणत्यात. टाकू?”

नुसतं ‘नको’ म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण तेवढ्यात इरफान तिला म्हणाला, “ब्रॅकेट मात्र बाहेरनं जोडून आण. माझ्या हातचा जोड टिकत न्हाय.”

स्वतःच्या पोरीच्या गाडीला तो हात लावत नव्हता — कुणामुळं?

मग मी सांगितलं. रेझिस्टर, खोटं बोललेलो, परत लावलेला सेन्सर, सगळं. इरफाननं खाली मान घातली होती. तसाच म्हणाला, “अब्बा गेले तवा त्यांना वाटत हुतं, माझा जोड कच्चा.”

मी निघायला उठलो. तो म्हणाला, “बस. पोरीची तार शोध.” आणि हातमोजे चढवून स्वतः ब्रॅकेट जोडायला बसला.

तार सीटच्या खाली घासलेली निघाली. बदलली. सेन्सर बसवण्याआधी मुस्काननं तो हातात धरला, इंजिन चालू केलं आणि सेन्सर आडवा केला. थोड्या वेळात इंजिन बंद पडलं.

इरफान उठून जवळ आला. “परत कर,” म्हणाला.

तिनं परत केलं. परत बंद पडलं. तो मान हलवून कामाला लागला. त्यानं मला जायला सांगितलं नाही, हा त्याचा आणखी एक उपकार. अब्बांना मात्र हे कुणीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते मीच.