एक तारखेला बाजूला बसणारी मुलगी

काल फोनवर नातीने आधी आईला खोलीबाहेर काढलं आणि मग मला विचारलं, "आजी, वर्गातल्या सगळ्या मुलींना पाळी आली. फक्त मलाच नाही. माझ्यात काही कमी आहे का?" ती साडेतेरा वर्षांची आहे. मी लगेच 'नाही' म्हटलं. पण नुसतं 'नाही' कोणाला पुरत नाही, म्हणून हे लिहिते. तिच्या भावानेही वाचावं. मित्रांसारखा आवाज फुटला नाही म्हणून तो हल्ली फोनवर येतच नाही.

वाशीमजवळ आमचा भाजीचा मळा होता. घरात पाळीची बाई चार दिवस बाजूला बसायची. मळ्यात पाऊल टाकायचं नाही, माठाला शिवायचं नाही. माझी चुलत बहीण माझ्याहून वर्षाने लहान, पण ती बाराव्या वर्षीच बाजूला बसली. मला चौदा पूर्ण झाली तरी काही नाही. शेजारणी आईला विचारायच्या, "हिचं अजून नाही काय वं?" आई मान खाली घालायची. ते मला बघवेना.

एका सकाळी मी सरळ कोपऱ्यात जाऊन बसले. आईचा चेहरा उजळला, शेजारी साखर वाटली गेली. आता माघार नव्हती. मी काटेकोर मुलगी, समास आखल्याशिवाय वहीत लिहीत नसे. दर महिन्याच्या एक तारखेला बसायचं आणि पाच तारखेला डोक्यावरून न्हायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

चौथ्या महिन्यात काकूने माझं ताट सरकवलं आणि समोरच बसली.

"काहून वं, तुह्यं एक तारखेलेच कसं येते? सरकारी पगार हाय काय तो?"

मी ताटातली भाकर मोडत राहिले.

"अन् वाळत घातलेलं फडकं त मले एकदाबी नाही दिसलं."

मला रडू फुटलं. माझ्यात खोट आहे, माझ्यामुळे आईला बोलणी बसतात, सगळं बाहेर पडलं. काकू आधी पोटभर हसली.

"अवं, मेथी चार दिवसांत वर येते, सांबाराले पंधरा दिवस लागते. तू कधी सांबार उकरून पाह्यला काय? मले सोळावं लागलं तवा आली. अन् आली त मंग तीन महिने गायब! आंग कॅलेंडर पाहून नाही चालत, पोरी."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. काकूने मला उठवलं, भर दुपारी मळ्यात नेलं आणि हातात खुरपं दिलं. आईला तिनेच सांगितलं. आई रागावली नाही. पुढच्या वेळी शेजारणीने विचारलं तेव्हा तिने मान वर ठेवून सांगितलं, "येईल तवा येईल. तुमाले कायची घाई?"

पाच महिन्यांनी पाळी आली, सतरा तारखेला, भूगोलाच्या तासाला. पुढे तिने माझी एक तारीख कधी पाळली नाही.

तेव्हा नातीने निर्धास्त राहावं. पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तर आईला सांगून डॉक्टरांना विचारायचं. कोपऱ्यात बसायचं नाही. आणि नातवाने रविवारी फोन घ्यावा. बारीक आवाज मी लगेच ओळखते. जाड झाला की मला आधी विचारावं लागेल, कोण बोलतंय.