चौऱ्याण्णव म्हणजे नेमके किती

माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा एकटा सोडलेला नाही. आकडा दिसला की त्याच्या पुढे कोण आणि मागे कोण हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ताप किती आहे विचारलं तर ते थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरतात, बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "कालच्या मानाने सौम्य." मावशीने केलेली साबुदाण्याची खिचडी कशी झाली, याचं उत्तर "गेल्या चतुर्थीच्या वर, पण त्या एका आषाढीच्या खाली" असं असतं. ती आषाढी कोणती, हे मावशीला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. ती म्हणते, त्या खिचडीच्या आशेवरच आमचा संसार टिकलाय.

हा स्वभाव त्यांना नोकरीतून लागला की स्वभावामुळे ती नोकरी लागली, सांगता येणार नाही. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात ते पस्तीस वर्षं छटा जुळवायच्या कामावर होते. डब्यातला रंग आणि नमुन्याच्या पट्टीवरचा रंग एकच आहे की नाही, हे उघड्या डोळ्यांनी ठरवायचं. आपल्याला पांढरा म्हणजे पांढरा. काकांना त्यात दोन डझन छटा, वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांसारख्या दिसायच्या. आमच्या घाटकोपरच्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा मी त्यांना दहा मिनिटांसाठी बोलावलं. ते हॉलच्या मधोमध स्टूल ठेवून सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिले. भिंतीवरून ऊन सरकत होतं आणि काका त्याच्याबरोबर हळूहळू स्टूल सरकवत होते. शेवटी म्हणाले, "चारच्या सुमाराला ही भिंत उदास होते. तिला थोडा पिवळा द्या." दिला. भिंतीचं माहीत नाही, पण चार वाजता त्या भिंतीपाशी चहा प्यायला मला अजून बरं वाटतं.

मेडिकलच्या परीक्षेच्या मार्कांशी त्यांचा संबंध निवृत्तीनंतर आला. मुलुंडला त्यांच्या खालच्या मजल्यावरची मुलगी निकालाच्या दिवशी जिन्यात बसून रडत होती. मार्क एक सांगत होते, पर्सेंटाइल दुसरंच, रँक तिसरंच, आणि घरात तिघे तीन आकडे धरून भांडत होते. काकांनी तिचा कागद घेतला आणि ते तो घेऊन बाल्कनीत गेले. तिथून मिठागरं दिसतात, त्यापलीकडे खाडीची एक चकाकती रेघ. त्या रेघेकडे बघत ते तासभर उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी परीक्षेची माहितीपुस्तिका छापून आणून पोथीसारखी मोठ्याने वाचायला घेतली. रोज दुपारी एक भाग. मावशीने समोर बसून हुंकार द्यायचा. नीट या परीक्षेत बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात, चुकीच्या उत्तराला एक जातो आणि सोडलेल्या प्रश्नाला काहीच होत नाही, हे वाचलं तेव्हा त्यांनी पुस्तिका मांडीवर ठेवली आणि मावशीला म्हणाले, "बघ, गप्प राहण्याला शिक्षा नाही." मावशी म्हणाली, मला हे लग्नानंतर लगेच कोणी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून दर वर्षी निकाल लागला की काकांकडे मुलं येऊ लागली. आधी सोसायटीतली, मग भांडुप, विक्रोळीहून ओळखीच्या ओळखीने आलेली. पद्धत ठरलेली. आईवडिलांनी बाल्कनीत बसून मिठागरांकडे बघायचं. मुलाने किंवा मुलीने आत बसून आधी थालीपीठ खायचं. कागद त्यानंतर. कागद हातात आल्यावर काका मार्कांकडे बघतच नसत. किती प्रश्न सोडलेस, हे विचारत. पुष्कळ सोडले असं कुणी खाली मान घालून सांगितलं की ते खूश होत. "न येणारं सोडून देता येणं, हेही येणंच आहे," म्हणत. मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने पुढच्या-मागच्या मुलांचे बारीक बारीक ठिपके काढत बसत आणि मध्येच हरवत. मूल ताटकळलेलं, आईवडील जाळीच्या दारातून डोकावणारे, आणि काका खाडीकडे बघत असत. एका बाईंनी घाबरून मावशीला विचारलं होतं, यांना बरं नाहीये का. मावशी म्हणाली, बरे आहेत, ते आत्ता तुमच्या मुलाच्या रांगेत उभे आहेत.

एकदा मात्र त्यांचं चुकलं. भांडुपची एक मुलगी होती, वडील नाहीत, आई पोळीभाजीचे डबे करायची. मागच्या वर्षीच्या याद्या बघून काका तिला "मिळेल" असं म्हणून गेले. सरकारी कॉलेजची पहिली यादी लागली, तिच्यात ती नव्हती. दुसरीतही नव्हती. काकांनी चहातली साखर सोडली. मावशीने हटकलं नाही. ते रोज तिच्या घरी जाऊन दाराशी उभे राहायचे आणि काही न बोलता परत यायचे. शेवटी तिच्या आईनेच त्यांना आत बसवलं आणि म्हणाली, "काकानू, तुमी खंय चुकलात? ह्या वर्साक पोरांच जास्ती हुशार गावली, त्येका तुमी काय करतल्यात?" मुलीने तोवर बीएस्सीचा फॉर्म आणला होता. काकांनी हात जोडून तिला एकच विनंती केली, की मेडिकलच्या यादीतून नाव काढू नकोस, अजून एक फेरी आहे. त्या फेरीत तिला लांबच्या एका जिल्ह्यात जागा मिळाली. काकांनी साखर परत सुरू केली, पण "मिळेल" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

आणि मग आमच्या लेकीचा, सायलीचा, निकाल लागला. पर्सेंटाइलच्या रकान्यात चौऱ्याण्णव. तिच्या बाबांनी तो आकडा बघितला आणि पुढचं काही न वाचता पेढे आणायला गेले. तासाभरात सगळ्या मजल्यांवर पेढे पोचले, नातेवाइकांना फोन झाले, माझ्या नणंदेने सायलीला 'डॉक्टरीणबाई' म्हणूनही टाकलं. सायली मात्र पेढ्याला हात लावत नव्हती. संध्याकाळी तिघं मुलुंडला गेलो. उरलेले पेढे बरोबर होतेच.

काकांनी पेढा घेतला, खाल्ला, छान आहे म्हणाले. मग तिच्या बाबांना जवळ बसवून पेन्सिल काढली. चौऱ्याण्णव म्हणजे शंभर मुलांत चौऱ्याण्णव हिच्या मागे, सहा पुढे. बाबा म्हणाले, मग झकासच की. "हो, झकासच," काका म्हणाले. "पण असे शंभर-शंभरचे गट देशात वीस हजार आहेत. प्रत्येक गटातली सहा पुढे."

सायलीच्या बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला. तो होताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. एक लाख वीस हजार. सरकारी कॉलेजच्या जागा त्याच्या फार आधी संपत होत्या. पेढ्यांचा खोका उघडाच होता. मग बाबा म्हणाले की एक वर्ष परत बसेल, त्यात काय, आणि काकांनी आम्हाला बाल्कनी दाखवली.

पुढचं मी जाळीच्या दारातून ऐकलं. ते ऐकायला नको होतं, पण आई आहे. काकांनी विचारलं, परत बसायचंय का. सायली बराच वेळ थालीपिठाचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली की तिला फिजिओथेरपी करायचीय. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचे व्यायाम तीच करून घ्यायची. आजी पहिल्यांदा हात सोडून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली, तो दिवस तिने काकांना इतका बारीक सांगितला की मीच तिथे नव्हते असं मला वाटलं.

"हे रँक बघून ठरवलंस, की आधीच?" काकांनी विचारलं.

"आधीच. पण आता बोलले तर सगळे म्हणणार ना, नाही मिळालं म्हणून केलं."

"म्हणतील. लोकांना तेवढा एकच प्रश्न येतो गं. येणारा प्रश्न ते कशाला सोडतील?"

सायली हसली. निकाल लागल्यापासून पहिल्यांदा. मी वळून तिच्या बाबांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. ते मिठागरांकडे बघत म्हणाले, "आईला चालवलं हिने, नाही का?" आणि चष्मा काढून पुसत बसले. परत बसण्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. सायली आता फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

काका आता शहात्तरचे आहेत. हल्ली मोबाइलवर मार्क टाकले की कोणतं कॉलेज मिळेल ते लगेच समोर येतं, त्यामुळे त्यांच्याकडे येणारी मुलं कमी होत चालली आहेत. या वर्षी निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मावशीने सवयीने भाजणी भिजवली होती. दिवसभरात दोनच मुलं आली, त्यातल्या एकाला घाई होती, तो थालीपीठ न खाताच गेला. मी मावशीला म्हटलं, बरं झालं, आता दगदग नाही. मावशी तवा उतरवत म्हणाली, "आम्हाला मूलबाळ नाही गं. वर्षातून तेवढे आठ दिवस घरात कुणी बारावीचं असतं."

पाचच्या सुमाराला बेल वाजली. काका खुर्चीतून आमच्याआधी उठले, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. इस्त्रीवाला होता. काकांनी कपडे घेतले, मोजले नाहीत, आणि त्याला विचारलं, तुमची मुलगी आता कितवीत. नववीत गेली, तो म्हणाला. डॉक्टर व्हायचं म्हणते. काकांनी मान हलवली. कपड्यांचा गठ्ठा तसाच छातीशी धरून ते आत आले, स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि मावशीला हळूच म्हणाले, "चार वर्षं आहेत अजून."