भाकरीवरची बोटं

सटाण्याहून पदवी घेऊन नाशिकला आले तेव्हा मला कॅमेरा धरताही येत नव्हता. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच, पण नोकरी मिळेना. शेवटी गंगापूर रोडवरच्या एका फोटोग्राफर सरांनी मला स्टुडिओत ठेवून घेतलं. ते हॉटेलांसाठी जेवणाचे फोटो काढत. भाजीला ग्लिसरीनने चकाकी कशी आणायची इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. "उजेड समोरून टाकलास की अन्न मरतं," ते म्हणायचे. "मागून घे. मग वाफ दिसते." आईला मी फोनवर सांगायचे, इथे मला देवमाणूस भेटलाय.

मी जेवायला जायचे त्या मेसवाल्या मावशी आमच्याच बागलाणातल्या. जेवायला येणारी मुलं आता अॅपवरून मागवू लागली होती. मावशींनाही अॅपवर जायचं होतं, नाहीतर चूल बंद पडायची वेळ होती. त्यासाठी ताटाचा फोटो लागत होता.

"मी काढते," मी म्हणाले.

सकाळी त्यांच्या ओट्याजवळच्या खिडकीशी ताट मांडलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा. मी ग्लिसरीनची बाटली काढली, तशी मावशींनी ती उचलून दाराबाहेर ठेवली.

"पानात वाढलेलं टाकायचं नाही. फोटो झाला की हे तूच खाणारेस."

मग नुसता खिडकीचा उजेड मागून घेतला आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उजेड परतवायला समोर उभा केला. वाफ दिसली. भाकरी थापताना उमटलेली मावशींची बोटंसुद्धा दिसली. तो फोटो मी मोठ्या हौसेने सरांना दाखवला. त्यांनी भाकरीवरची बोटं मोठी करून पाहिली.

"मोठ्या साइजमध्ये पाठव. ठेवतो माझ्या चांगल्या कामांत."

त्या दिवशी मी स्टुडिओतून घरापर्यंत हसतच गेले असेन.

पुढे मावशींचं नाव अॅपवर भरायला घेतलं, तर फोटो परत आला. हा फोटो दुसऱ्या हॉटेलचा आहे, म्हणे. शोधलं तर सापडलंही. कॉलेज रोडवर नवीन उघडलेलं, सरांचंच गिऱ्हाईक. माझ्याच फोटोखाली लिहिलेलं, 'आमची खास थाळी'.

मावशींनी चष्मा लावून फोन जवळ धरला. एरवी माझ्याशी शहरातलं बोलणाऱ्या मावशींच्या तोंडी अहिराणी आली. "हाई मनं ताट शे ना वं? मंग तठे कसं गयं?"

त्यांचं ताट तिकडे कसं गेलं ते विचारायला मी तशीच स्टुडिओत गेले.

"अगं, त्यांना घाई होती," सर म्हणाले. "त्यांच्या आचाऱ्याची भाकरी फोटोत रबरासारखी येते."

"सर, मावशींचं नाव अडकलंय. चोरीचा आळ त्यांच्यावर आलाय."

"मग दुसरा काढ. भरीत काय एकदाच करतात?"

"निदान मला विचारायचं."

"तुला?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "उजेड कुठून घ्यायचा हे तुला कोणी शिकवलं?"

त्यांचे उपकार मी कधी विसरले नव्हते, आणि मी ते विसरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चहा न घेता उठले, ती परत गेले नाही.

मावशींनी पुन्हा भरीत केलं. या वेळी सरांचं काहीच नको, म्हणून मी ताट फिरवून उजेड समोरून घेतला. वाफ गेली, भरीत चिखलासारखं दिसू लागलं.

मावशी वाकून बघत म्हणाल्या, "आजाऱ्याला वाढल्यासारखं दिसतंय गं."

मी ताट पुन्हा फिरवलं. खिडकी मागे आली आणि वाफ वर चढू लागली. मागून घे, मागून घे, हा आवाज कानात होताच. तसाच फोटो काढला. तो पुढे अॅपवर चालला.

"आता खा," मावशी म्हणाल्या.

मी अजून फोटोच बघत होते. त्या समोर बसून राहिल्या. मी भाकरी मोडली, आधी बोटं उमटलेल्या बाजूने, आणि ताट संपवलं.