पहिल्या मिस्सेचं शूटिंग

मामाचा डिचोलीत फोटो स्टुडिओ आहे. सुट्टीच्या दिवशी मी त्याचा दुसरा कॅमेरा सांभाळते, कारण कॅमेऱ्यामागे कुणाशी बोलावं लागत नाही.

गेल्या मे महिन्यात पेडण्यातल्या एका कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, नव्या फादरची पहिली मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य प्रार्थना, होती. त्याच गावचा मुलगा, नुकतीच दीक्षा झालेला. वेदीवर ती पातळ, गोल भाकर वर उचलताना त्याचे हात थरथरत होते. आता ही नुसती भाकर नाही, ख्रिस्ताचं शरीर, अशी त्यांची श्रद्धा. मी त्या धर्माची नाही. पण नन्सच्या शाळेत शिकले. त्यामुळे भाकर उचलताना घंटी वाजली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा, एवढं मला कळतं.

नेमका तेव्हाच त्याचा काका मोबाईल उंच धरून पहिल्या बाकावरून उठला. दोन्ही कॅमेऱ्यांत फक्त काकाची पाठ.

मामाने सरळ हात हलवला. "फादर, परत एकदा वर धरा ना!"

सगळे गुडघ्यांवर होते. कुणी मामाला गप्प केलं नाही. उलट काकाच म्हणाला, "उखल रे बाबा परत, दुबयत धाडचो आसा व्हिडिओ." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

फादरने डोळे मिटले आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

मिस्सा संपल्यावर काकाने त्याला गाठलं. "आतां साधी भाकर घे आनी नुसती वयर धर. पाप लागचें ना."

"ना अंकल. नाटक करचो ना हांव."

"इतलें शिकून हेंच शिकलो?" काका सगळ्यांदेखत ओरडला. ज्याच्यासाठी तो मुलगा आयुष्य देऊन बसलाय, ते त्याच्या घरच्यांना फक्त दुबईतल्या नातेवाइकांना पाठवायला हवं होतं.

गाडीत मी विचारलं, "मामा, देवळात भटजींना नैवेद्य परत दाखवायला सांगशील?"

"सांगतो की! लग्नात मंगळसूत्र दोनदा बांधायला लावतो. कोणाचं मोडलं?" मग म्हणाला, "जुन्या एखाद्या मिस्सेतल्या हातांचा तुकडा लाव त्या पाठीच्या जागी. झगा सगळ्यांचा पांढराच."

एडिटिंग माझ्याकडे असतं. जुनं शूटिंग उघडून पाहिलं. कुणा म्हाताऱ्या फादरचे जाड, स्थिर हात. ते या मुलाचे म्हणून द्यायचे? माझं डोकंच फिरलं.

मी काही जोडलं नाही. व्हिडिओ तसाच दिला. मामा अजून फुगलेला आहे, आणि न बोलणारी पोर एवढी हट्टी कशी, म्हणून आईला फोन करून विचारतो. विचारू दे. दुबईतल्या लोकांनीही विचारू दे, फादरच्या पहिल्या मिस्सेत मधोमध हा माणूस कोण उभा आहे.