गंगारामाची उघडी गाडी

शिरोड्यात गंगाराम ड्रायव्हरच्या वाटेला कोणी जात नसे. राग कायम नाकावर, आणि गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल हातात. एकदा भर बाजारात एक गाडीवान बैलाला बडवत होता. गंगारामने त्याच्याच हातातली काठी हिसकावून ती मोडेपर्यंत गाडीवानाला बडवला. लोक त्याला पिसाट म्हणत. मी त्याचा शेजारी, मी कधी म्हटलं नाही. का, ते सांगतो.

त्याचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं. त्याची बायको, सावित्रीवहिनी, बाळंतपणात अडल्या होत्या, पाऊस कोसळत होता, सावंतवाडीच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला, की स्वतःची मोटार हवी.

गोव्यातून पोर्तुगीज गेले आणि पुढच्याच वर्षी म्हापशाच्या एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, दोन जुन्या, देखण्या मोटारी विकायला काढल्या. एक पत्र्याच्या पक्क्या टपाची, दोन दारांची कूपे. दुसरी उघडी, मागे दुमडणाऱ्या कापडी टपाची, लालभडक. गंगाराम आणि त्याचा थोरला भाऊ बाळा, दोघांत मिळून एकच घेता येणार होती.

"उघडी घेवया," बाळा म्हणाला. "न्हवरो सगळ्यांका दिसाक व्हयो. वरातीक लोक आमच्याच दारात येतले."

"आनि पावसात त्या फडक्याखाली कोण बसतलो? माका माझ्या बायलेक इस्पितळात न्हेवची आसा, दादा!"

शब्दाने शब्द वाढला. बाळाने थोबाडीत दिली. गंगारामने त्याला विहिरीच्या कठड्यावर असा आपटला की कपाळ फुटलं. आई काशीबाई दोघांच्या मध्ये उभी राहिली. "रगात काढून गाडी घेतलास? देवाक कौल लावया!"

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही. गुरवाने देवाच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर कूपे, डावी पडली तर उघडी. डावी पडली. माणसांशी भांडणारा गंगाराम देवापुढे गप्प झाला आणि उघडी गाडी घरी आली.

उन्हाळाभर वराती झाल्या. आषाढात सावित्रीवहिनींना पुन्हा कळा सुरू झाल्या. सावंतवाडीच्या वाटेवर, मळेवाडच्या पुढे वाऱ्याने टप टराटरा फाडला. इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली. गंगाराम हँडल मारत राहिला, तळहात सोलून निघाले. मागच्या सीटवर बाळा वहिनींवर छत्री धरून होता. मूल तिथेच, पावसात जन्मलं. ते रडलंच नाही.

बाळा गाडीतून उतरून चिखलात बसला आणि कपाळ बडवू लागला. "माका मार, गंग्या! गुरवाक सांगान उजवी कळी मियाच मधान चिकटवूक लावलंय, ती पडूक नये म्हणान!"

देवाच्या अंगावर मध! आजही आठवलं की माझं रक्त उसळतं.

हँडल गंगारामच्या हातात होतंच. पहिला घाव बाळाच्या मांडीवर बसला, हाड मोडल्याचा आवाज पावसातही ऐकू आला, असं वहिनी पुढे सांगत. दुसरा बरगड्यांवर बसला. तिसरा त्याने डोक्यावर उगारला, तेव्हा मेलेलं मूल छातीशी धरून सावित्रीवहिनी किंचाळल्या. "आज एक गेला मां! पुरे झाला!"

हात तसाच वर राहिला. मग त्याने रक्ताळलेलं हँडल परत इंजिनात घातलं, आणि मेली गाडी या वेळी एका फटक्यात सुरू झाली. बाळाला उचलून त्याने मागच्या सीटवर टाकला.

उताणा पडलेला बाळा कण्हत होता. "गंग्या, फाटको टप तरी ओढ रे... पाणी तोंडार पडता."

"देवाक सांग," गंगाराम मागे न बघता म्हणाला.

सावित्रीवहिनींनी एका हाताने मूल धरलं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी खाली पडलेली छत्री उचलली आणि सावंतवाडी येईपर्यंत ती बाळाच्या तोंडावर धरली.