तेहतीसची हवा

राजेसाब नदाफ यांनी हवेचा मीटर कधी विकत घेतला नाही. ज्याच्या हातात काही नाही त्यानं मीटर बाळगावा, असं ते म्हणत. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी घालत, प्रत्येक टायरवर बुटाची टाच मारत आणि वाकून अंगठ्यानं कड दाबत. तेवढ्यावर त्यांचं निदान व्हायचं. ही विद्या त्यांनी तरुणपणी ट्रकवर क्लीनर असताना धुळाप्पा नावाच्या उस्तादाकडून घेतली होती. धुळाप्पा टॉमीच्या लोखंडी दांड्यानं चाक ठोकायचा आणि आवाजावरून हवा सांगायचा.

त्याच उस्तादानं आणखी एक गोष्ट डोक्यात घातली होती. उन्हाळ्यात टायरमधली हवा फुगते, म्हणून वाटेत थांबलं की थोडी सोडायची. नाही सोडली तर टायर फुटतो. राजेसाबांच्या पिढीतले बरेच ड्रायव्हर हे मानत. एप्रिल-मे महिन्यात ढाब्यावर गाडी लागली की चहा यायच्या आत ते चावीच्या टोकानं व्हॉल्व्ह दाबायचे, आणि चाकातून फुस्स असा आवाज निघायचा.

हे चुकीचं आहे असं राजेसाबांना पहिल्यांदा सांगितलं ते त्यांच्या मुलीनं.

झीनत बारावी झाली आणि सोलापुरात विजापूर रोडच्या एका पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनवर लागली. उन्हात उभं राहायचं, वाकायचं, नळी ओढायची. बायका या कामावर नव्याच होत्या. कंपनीच्या माणसानं दोन दिवस शिकवलं ते तिनं नीट ऐकून घेतलं होतं. ती ते घरी जेवताना सांगायची. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, त्याची कड सारखी वाकते, वाकून वाकून तापते आणि शेवटी तापूनच फुटतो. धावलेल्या टायरची हवा मोजायची नाही, तो आकडा वाढलेलाच येतो. मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना.

“धुळाप्पाला हे कळत नव्हतं का?” राजेसाब विचारायचे.

“धुळाप्पाचाचाचे टायर फुटायचे का नाही, ते सांगा की,” झीनत म्हणायची, आणि तिची आई मदिनाबी तोंडाला पदर लावून हसायची. धुळाप्पाचे टायर फुटायचे. वरचेवर फुटायचे. पण त्या काळी सगळ्यांचेच फुटायचे.

राजेसाब बारा वर्षं वेणीमाधवरावांच्या गाडीवर होते. वेणीमाधवराव कॉलेजातून निवृत्त झालेले, सातरस्त्याजवळ बंगला, बायको रुक्मिणीबाई, मुलगा अनिमेष पुण्यात. मुलगी काय करते, असं रुक्मिणीबाईंनी एकदा विचारलं तेव्हा राजेसाबांच्या तोंडून निघून गेलं, “ऑफिसात हाय, बाई.” पंपावर नळी धरून उभी असते, हे त्यांच्या जिभेवर आलं नाही. नंतर दुरुस्त करायचं कारण पडलं नाही. झीनतला हे माहीत होतं. त्यावर ती कधी बोलली नव्हती.

हल्ली अनिमेष पुण्याहून आला की म्हणायचा, “बाबा, आता ड्रायव्हर कशाला ठेवायचा? मोबाइलवर गाडी मागवता येते.” वेणीमाधवराव म्हणायचे, “राजेसाबच्या हातून गाडीला कधी ओरखडा आला नाही.” राजेसाबांची नोकरी त्या एका वाक्यावर उभी होती. साठीला आलेल्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेल्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोण घेणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मे महिन्यात मैंदर्गीला रुक्मिणीबाईंच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. सकाळी गाडी बंगल्यावर नेण्याआधी राजेसाब डिझेल भरायला पंपावर गेले. झीनतनं आपणहून नळी ओढली. दाराच्या कडेवरचा स्टिकर वाचला आणि चारही चाकांत तेहतीस भरली.

“अब्बा, वाटेत हवा नक्को निकालो,” ती म्हणाली. घरची दखनी तिच्या तोंडून पंपावर सहसा निघत नसे. मग मराठीत म्हणाली, “गरम झाल्यावर आकडा वाढणारच. वाढू द्या. कंपनीनं ते धरूनच तेहतीस लिहिलंय.”

शेजारच्या जीपमध्ये संगप्पा बसला होता. राजेसाबांचा जुना जोडीदार.

“काय राजेसाब, पोरगी धडे द्यायला लागली की! आता लायसन बी तिच्याच नावावर करा.”

“व्हय, तुझं बी करून देतो,” राजेसाब म्हणाले. पण त्यांचे कान तापले होते. झीनत हसली नाही. नळी गुंडाळत एवढंच म्हणाली, “सावकाश जावा.”

मैंदर्गीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मंडळी मांडवात गेली. राजेसाबांनी गाडी चिंचेखाली लावली आणि सवयीनं अंगठा लावला. टायर चटका देत होता, दगडासारखा टणक. त्यांनी टाच मारली. धुळाप्पा असता तर म्हणाला असता, सोड. झीनत म्हणाली होती, सोडू नका. आणि संगप्पाचं हसणं अजून कानात होतं. बघायला कुणी नव्हतं. राजेसाबांनी खिशातून चावी काढली आणि चारही चाकांची हवा सोडली. रोजच्यापेक्षा जरा जास्तच. चाक अंगठ्याखाली दबायला लागलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

परतताना गाडी भरली. रुक्मिणीबाईंच्या दोघी बहिणी सोलापूरला यायला निघाल्या, डिकीत आंब्याच्या पेट्या चढल्या. अक्कलकोट मागे पडलं, रस्ता मोकळा होता, गाडीनं वेग धरला. वळसंगच्या अलीकडे मागचं डावं चाक फुटलं. गाडी शेपटीनं फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला घासून थांबली. बाकी सगळे हादरले, तेवढंच. रुक्मिणीबाईंचं मनगट मोडलं.

मुंजीहून मागून येणाऱ्या नातेवाइकांनी तिन्ही बायकांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. वेणीमाधवराव थांबले.

“राजेसाब, हे कसं झालं हो?”

“सर, सकाळीच हवा चेक करून घेतली की.”

“कुठं?”

“पंपावर. तिथं हवेवर एक पोरगी असते. तिच्याकडून.”

एक पोरगी. राजेसाबांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

“पोरीनं भरली?” वेणीमाधवराव म्हणाले. “मग जास्त भरली असणार. या उन्हात दुसरं काय होणार?”

राजेसाब जॅक काढायला वळले.

स्टेपनी लावून गाडी हळूहळू वळसंगच्या टायरवाल्याकडे नेली. तो जेवायला गेला होता. तो येईपर्यंत गाडी लिंबाच्या सावलीत पडून राहिली आणि चाकं निवली. वेणीमाधवराव लांब बाकड्यावर बसून दवाखान्यात फोन लावत होते. टायरवाल्यानं येऊन आधी फुटलेला टायर हातात फिरवला. कडेला गोल भाजल्यासारखा पट्टा पडला होता.

“चाचा, ह्यो हवा कमी हुती म्हणून गेलाय.” मग त्यानं उरलेल्या चाकांना मीटर लावला. “बाविसावर हाय की! कुणी काढली एवढी?”

राजेसाबांनी बाकड्याकडे पाहिलं. “हळू बोल,” ते म्हणाले. “तेहतीस कर सगळी. आणि तो टायर ठेव तुझ्याकडंच.”

“न्हेत न्हाईसा?”

“काय करायचाय?”

सोलापूरला पोचले तेव्हा डांबर अजून तापलेलंच होतं. दवाखान्याच्या आवारात अनिमेष उभा होता. सुट्टीला आला होता. पंपावरच्या पोरीचं त्याला वडिलांकडून फोनवर कळलं होतं. गाडी थांबते न थांबते तोच त्यानं आपल्या गाडीतून एक छोटा डिजिटल मीटर आणला आणि पुढच्या चाकाला लावला. मग दुसऱ्या. मग दार उघडून स्टिकर वाचला.

“बाबा, हे बघा. अडतीस. इथं लिहिलंय तेहतीस. सगळ्या चाकांत जास्त भरलीय तिनं.”

धावलेल्या टायरची हवा मोजायची नाही. राजेसाबांना ते वाक्य येत होतं. जेवताना किती वेळा ऐकलेलं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, मग अनिमेषनं विचारलं असतं, मग फुटला कशानं? आणि मग वळसंगचा टायरवाला होता, आणि बावीस होते, आणि चावी होती.

“वाटलंच मला,” वेणीमाधवराव म्हणाले. “राजेसाबनं सांगितलंच होतं.”

राजेसाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी खोडूनही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक पंपावर गेले. राजेसाबांना साक्षीला घेतलं. पंपाचा मॅनेजर गुरुराज महिनाभरापूर्वीच बदलून आला होता. कोण कुणाचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं झीनतला हाक मारली. ती ओढणीनं हात पुसत आली. वडिलांना पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या दोघांना पाहिलं. अपघात झाल्याचं तिला रात्री घरी कळलं होतं. टायर कशानं गेला असेल याचाही अंदाज तिला आला होता. तिनं विचारलं तेव्हा राजेसाब “आधी जेवू दे” म्हणाले होते आणि मग जेवलेच नव्हते.

“अडतीस भरलीस तू काल?” गुरुराजनं विचारलं.

“तेहतीस भरली, सर.”

“मी स्वतः मोजलीय,” अनिमेष म्हणाला.

“कधी मोजली? गाडी धावून आल्यावर?”

“म्हणजे मला मोजता येत नाही?”

“माझ्या बायकोचा हात मोडलाय,” वेणीमाधवराव म्हणाले. “जीव गेला असता. आणि ही उलट प्रश्न विचारतेय.”

झीनत राजेसाबांकडे वळली. त्यांनी अजून तिला ओळख दिली नव्हती. ती थोडा वेळ थांबली, त्यांना पुरेसा वेळ दिला. मग म्हणाली,

“ड्रायव्हरचाचा, तुम्ही समोर उभे होता. तुम्हीच सांगा किती भरली होती.”

राजेसाबांनी मशीनकडे पाहिलं. काच स्वच्छ होती, आकडे लाल, लांबूनही दिसण्याजोगे.

“मी आकडा बघितला न्हाय,” ते म्हणाले. “मोतीबिंदू हाय की मला.”

झीनतनं मान हलवली, जणू हिशेब जुळला. गळ्यातला पंपाचा बिल्ला काढून तिनं गुरुराजच्या हातात दिला. त्यानं अजून मागितलाही नव्हता.

त्या संध्याकाळी घरात मदिनाबीच बोलली. पोरीची नोकरी का गेली, विचारत राहिली. झीनत म्हणाली, “गिऱ्हाइकाची तक्रार आली.” राजेसाब म्हणाले, “तिला दुसरी मिळंल की. तरणी हाय.” झीनतनं त्यांना वाढलं. भाकरी, कांद्याची भाजी, पाणी.

आता ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जाते. राजेसाब वेणीमाधवरावांच्या गाडीवर आहेत. ते आता दुसऱ्या पंपावर जातात, सकाळी, गाडी थंड असताना. त्यांनी मीटर विकत घेतलाय. तेहतीस भरतात आणि कितीही ऊन असलं तरी वाटेत चावी काढत नाहीत. टाच मारणं सुटलंय. संगप्पा ढाब्यावर हवा सोडायला वाकला की ते त्याला थांबवतात.

“गरम टायरचा आकडा वाढतोच,” ते सांगतात. “कंपनीनं ते धरूनच लिहिलंय.”

“तुला कुणी शिकवलं रं हे?” संगप्पानं एकदा मुद्दाम विचारलं.

“अनुभव,” राजेसाब म्हणाले.

गेल्या आठवड्यात रुक्मिणीबाईंचं प्लास्टर काढलं. परत येताना गाडी विजापूर रोडच्या पंपावरून गेली. हवेच्या मशीनपाशी कुणी नव्हतं. नळी जमिनीवर पडली होती. बाईंनी काचेतून बघितलं.

“राजेसाब, तुमची मुलगी आहे ना हो अजून ऑफिसातच?”

“व्हय, बाई.”

“बरं आहे,” बाई म्हणाल्या. “अशा कामाला मुली ठेवूच नयेत. काय शिकलेल्या असतात कुणास ठाऊक.”

राजेसाबांनी गाडी सावकाश पुढं काढली. गाडी चांगली चालली होती. चारही चाकांत तेहतीस होते.